माहुलीची वाट

"आत्याआजी, मग येसूबाईंची समाधी कुठं आहे?" भावाच्या नातीने संगम माहुलीच्या घाटावर हा प्रश्न विचारला, तेव्हा दिवाळीची सुट्टी संपत आली होती, कृष्णेचे पाणी पावसाळ्याचा गढूळपणा टाकून निवळू लागले होते आणि मी तिला नुकतीच खंड्याची समाधी दाखवून आणली होती. खंड्या म्हणजे येसूबाईंचे पुत्र छत्रपती शाहू महाराज यांचा लाडका कुत्रा. त्याची गोष्ट तिने डोळे विस्फारून ऐकली होती, त्या दगडी मूर्तीच्या पाठीवरून हात फिरवला होता आणि मग पायऱ्यांवर बसून भाजलेल्या शेंगा सोलता सोलता तिने अगदी सहज हा प्रश्न विचारला होता. ती त्या वर्षी सातवीत होती आणि इतिहासाच्या पुस्तकातला तो धडा तिला ताजा होता. मी साताऱ्यात जन्मलेली, माची पेठेत वाढलेली, पाहुणा आला की अजिंक्यताऱ्यापासून बारामोटेच्या विहिरीपर्यंत सारे हौसेने दाखवणारी बाई. तरी मला तिला एवढेच सांगता आले, की "इथंच कुठंतरी असेल, बाळा." तिने पुढे काही विचारले नाही. मोठ्या माणसाला एखादी गोष्ट ठाऊक नाही, हे मुलांना फार लवकर कळते आणि ती विषय सोडून देतात. मला मात्र तो विषय सुटला नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावरही माझाच तो "कुठंतरी" हा शब्द मला पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिला.

माहुली हे आमच्या घरी केवळ गावाचे नाव नव्हते. साताऱ्यापासून पूर्वेला पाचेक किलोमीटरवर वेण्णा नदी कृष्णेला मिळते, आणि साताऱ्यातली माणसे शेवटी तिथेच जातात. "त्यांना माहुलीला नेलं" असे कुणी हलक्या आवाजात म्हटले, की पुढचे काही विचारायची गरज नसे. त्यामुळे लहानपणी मला त्या नावाची धास्ती वाटे. ती घालवली आजोबांनी. एका रविवारी ते मला सायकलच्या नळीवर बसवून माहुलीला घेऊन गेले, श्रीपतराव प्रतिनिधींनी बांधलेल्या विश्वेश्वराच्या मंदिरात त्यांनी माझ्याकडून घंटा वाजवून घेतली, त्या काळ्या दगडी मंडपातल्या नंदीच्या कानात सांगायला लावले आणि मग मला खंड्यापुढे उभे केले. शिकारीच्या वेळी वाघ अंगावर येत असता या कुत्र्याने भुंकून महाराजांना सावध केले, म्हणून महाराजांनी त्याला जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला, असे त्यांनी सांगितले. पुढचा भाग तर ते साभिनय सांगत. एक सरदार अंगभर जडजवाहीर घालून दरबारात मिरवायला आला, तेव्हा साध्या वेशात बसलेल्या महाराजांनी आपले दागिने काढून खंड्याच्या अंगावर चढवले, आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि त्यानंतर स्वतः कधी डोक्याला पगडी लावली नाही. आजोबा हे सांगताना स्वतःची टोपी काढून हातात धरीत. मी तीच गोष्ट माझ्या मुलांना सांगितली, भावाच्या मुलांना सांगितली आणि आता नातीला सांगितली. टोपी नव्हती, म्हणून मी डोक्यावरचा पदर खाली घेतला होता.

येसूबाईंची गोष्ट सांगताना आजोबांनी मला कुठेही नेले नव्हते.

खरे तर त्यांची गोष्ट त्यांनी सांगितलीच नव्हती. ती मी पुस्तकात वाचली, आणि पुस्तकात वाचलेल्या गोष्टीला जागेचा वास येत नाही. त्या रात्री जागेपणी मी ती मनाशी पुन्हा जुळवू लागले. शृंगारपूरच्या शिर्क्यांची लेक, शिवछत्रपतींची सून. संभाजी महाराज मोहिमेवर असताना 'श्री सखी राज्ञी जयति' या मुद्रेने कारभार पाहणारी. मार्च १६८९ मध्ये महाराजांची हत्या झाली, रायगडाला वेढा पडला, तेव्हा पोटचा मुलगा सात वर्षांचाही पुरता झालेला नव्हता. गादीचा हक्क त्याचा होता. तरी या बाईंनी धाकट्या दिराला, राजाराम महाराजांना, गडाबाहेर काढले आणि स्वतः मुलासह मागे थांबल्या. एकाच गडावर सारे राजकुल अडकले तर राज्यच संपेल, एवढा हिशेब त्या घडीला करता येणे आणि त्या हिशेबात स्वतःला व स्वतःच्या लेकराला खर्ची घालणे, हे मला आजवर एका ओळीत वाचून पुढे जाता आले होते. त्या रात्री ते जाईना. नोव्हेंबरात रायगड पडला आणि मायलेक मोगलांच्या कैदेत गेले. १७०७ मध्ये औरंगजेब मेल्यावर शाहू महाराज सुटले, परंतु आई ओलीस राहिली. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात मुलाला राज्याभिषेक झाला, तेव्हा आई तिथे नव्हती. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून स्वराज्याच्या, चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले, तेव्हा त्यांच्याबरोबर येसूबाई साताऱ्याला आल्या. शाळेत आम्ही सनदा तीन हे पाठ केले होते, कारण परीक्षेत तेच विचारीत. त्याच काफिल्यातून एक आई जवळजवळ तीस वर्षांनी आपल्या माणसांत परत येत होती, हे वाक्य माझ्या वहीत कधी आले नाही. पंचविशीत आईपासून दुरावलेला मुलगा तेव्हा सदतीस वर्षांचा झाला होता. ती दोघे पहिल्यांदा भेटली असतील, तेव्हा कोण कोणाच्या पाया पडले असेल आणि कुणाला आधी हुंदका फुटला असेल, याचा मी पहाटेपर्यंत विचार करत राहिले.

दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन अजिंक्यतारा चढले. ही चढण मला अंगवळणी आहे, परंतु आता मध्ये दोनदा थांबावे लागते. दरवाजातून आत शिरल्यावर उजव्या हाताच्या मारुतीला हात जोडून आम्ही मंगळाईच्या बुरुजाकडे गेलो. याच बाजूला १३ एप्रिल १७०० रोजी मोगलांनी सुरुंग उडवले होते. पहिल्या सुरुंगाने गडावरची माणसे गाडली गेली आणि किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखालून जिवंत निघाले. दुसरा सुरुंग उलटला आणि तटाखाली हल्ल्यासाठी गोळा झालेल्या मोगली फौजेवरच तट कोसळला. नात तटाच्या कडेला वाकून पाहू लागली, तेव्हा मी तिचा दंड घट्ट धरला. खाली सातारा पसरलेला होता. राजवाड्याची कौले, पोवई नाक्याकडे जाणारा राजपथ, उत्तरेला करंजे, जिथे वेढ्याच्या वेळी खुद्द औरंगजेबाचा तळ होता. पूर्वेला जरंड्याचा डोंगर आणि त्याच्या अलीकडे कृष्णेची हिरवी रेघ. गड चार-साडेचार महिने लढला, शेवटी पडला, त्याचे नाव आझमतारा झाले, आणि मराठ्यांनी तो परत घेतल्यावर ताराराणींनी त्याला अजिंक्यतारा म्हटले. त्यांच्या वाड्याचे पडके अवशेष अजून गडावर आहेत. पंचविशीत वैधव्य आलेल्या त्या बाईंनी सात वर्षे औरंगजेबाशी झुंज घेतली, नंतर शाहू महाराजांशी वैर घेतले, आणि १७६१ च्या डिसेंबरात, पानिपतानंतर काही महिन्यांनी, इथेच साताऱ्यात देह ठेवला. त्यांची समाधीही माहुलीलाच आहे. येसूबाई आणि ताराराणी नात्याने जावा. एकीने आपल्या मुलाचा हक्क बाजूला ठेवला, दुसरीने आपल्या मुलाच्या हक्कासाठी राज्य दुभंगू दिले. दोघींपैकी कोणाचे बरोबर होते, हे मी शाळेत असताना ठामपणे सांगू शकत असे. आता मला दोघींच्या जागी उभे राहून पाहावेसे वाटते आणि मग न्याय करवत नाही. पुराच्या वर्षी त्या काठावर पाणी चढते, गाळ साचतो आणि राजघराण्याच्या समाध्यांची कडा शोधावी लागते. नदीला जावांमधला फरक कळत नाही.

"या दोघी पुन्हा भेटल्या होत्या का?" नातीने विचारले. तोपर्यंत मी सावध झाले होते. "घरी गेल्यावर आपण दोघी मिळून वाचू," असे मी म्हणाले.

पुण्याला परतताना आम्ही लिंबला उतरलो. फाट्यापासून आत वळले की उसाच्या आणि हळदीच्या शेतांमधून रस्ता जातो आणि बारामोटेची विहीर शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. जमिनीवर इमारत नाही, कळस नाही. पायऱ्या थेट जमिनीच्या पोटात उतरतात, आणि दहा-बारा पायऱ्या उतरताच अंगावर गारवा येतो. तो गारवा, ओल्या दगडाचा वास, कपारीतून भर्रकन उडणारी पारवी आणि आपलाच आवाज थोड्या वेळाने परत येणे, हे सारे मला या विहिरीच्या शिल्पांहूनही अधिक प्रिय आहे. शिल्पे थोर आहेतच. भिंतीवरचे शरभ पाहिले की नजर ठरत नाही. अष्टकोनी मुख्य विहीर सुमारे ५० फूट रुंद आणि ११० फूट खोल. तिला जोडून मागचा भाग, आणि दोन्हींच्या मधोमध पाण्यावर उभा असलेला खांबांचा छोटा महाल. वरून पाहिले तर शिवलिंगाचा आकार दिसतो. भिंतीत शिलालेख आहे. वीरूबाईसाहेब भोसले यांनी ही विहीर बांधवली. शाहू महाराजांच्या राजवाड्याचा अंतःपुरापासून कारभार ज्यांच्या हाती होता, त्या या वीरूबाई. बांधकामाचा काळ शके १६४१ ते १६४६.

मी बोटांवर शके मोजू लागले. १६४१ मध्ये ७८ मिळवले, की १७१९.

ज्या वर्षी येसूबाई परत आल्या, त्याच वर्षी या विहिरीचे काम सुरू झाले होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध होता, असे मला मुळीच म्हणायचे नाही. तरी त्या पायरीवर मला क्षणभर बसावे लागले. राजवाड्यातली एक स्त्री आंबराईसाठी पाणी काढायच्या तयारीत होती, आणि त्याच सुमारास राजवाड्याच्या दारात दुसरी स्त्री मेण्यातून उतरत होती. राज्य स्थिरावल्याशिवाय कोणी आमराई लावत नाही. आंब्याला फळ धरायला वर्षे लागतात. तोवर आपण इथे असू, आपली माणसे इथे असतील, हा भरवसा असावा लागतो. त्या भरवशाची किंमत मेण्यातून उतरलेल्या बाईने मोजलेली होती. एकीचे नाव दगडात कोरलेले माझ्यासमोर होते आणि दुसरीचे, काल घाटावर, मला नेमके जागेवर नेऊन दाखवता आले नव्हते.

वर येऊन मी नातीला मोटेच्या जागा दाखवल्या. मोट म्हणजे काय, हे तिला सांगावे लागले. माझे आजोळ याच खोऱ्यातले, आणि आजोळच्या मळ्यात मी अगदी लहान असताना मोट चालताना पाहिलेली आहे. कातड्याची ती भली मोठी पिशवी विहिरीत बुडली की डुबुक असा आवाज येई, मामा बैलांना धावेवरून उतरवीत, नाडा ताणला जाई, चाक कुरकुरे, आणि मोट वर आली की सोंदूर ढिली होऊन सोंडेतून पाण्याचा लोट थारोळ्यात कोसळे. मग बैल मागे मागे सरकत पुन्हा विहिरीकडे येत. पुढे जाण्यापेक्षा हे मागे येणेच अवघड, असे मामा म्हणत. नवा बैल आधी मागे चालायला शिकवावा लागतो. एका मोटेचा तो गलका मला आठवतो. इथे बारा मोटा एकाच वेळी चालत असत, म्हणजे चाकांची कुरकुर, मोटकऱ्यांची गाणी, बैलांच्या गळ्यांतल्या घुंगरमाळा आणि पाण्याचा कोसळ यांनी हा माळ पहाटेपासून कसा दुमदुमत असेल! नाड्याने दगडाला पडलेल्या खोबणीत नातीने बोट घातले आणि ती बराच वेळ काही न बोलता उभी राहिली. शिलालेखात नाव वीरूबाईंचे आहे; ते असायलाच हवे. या खोबणीत नाव कोणाचेच नाही, आणि तरी ती शिलालेखाइतकीच कोरलेली आहे.

सज्जनगडावर मी नेहमी जाते, म्हणून त्याविषयी थोडेच सांगते. त्या सुट्टीनंतर गडावर गेले, तेव्हा प्रथमच माझ्या लक्षात आले, की समर्थांच्या समाधीचे दर्शन घेऊन बाहेर पडणारी माणसे आक्कास्वामी आणि वेणास्वामी यांच्या वृंदावनांपाशी वेगळी थांबतात. बालपणी विधवा झालेली वेणाबाई, जिला समर्थांनी मिरजेचा मठ सोपवला, तिच्या वृंदावनावर तुळशीपत्र वाहायला कोणी सांगावे लागत नाही. सासू वाकते, म्हणून सून वाकते, आणि सून वाकते, म्हणून कडेवरचे मूल हात जोडते. आजोबांनी मला खंड्यापुढे उभे केले, तेही असेच. मला खंड्याचा हेवा वाटला का, असे मी स्वतःला विचारले, आणि वाटला, हे मान्य केले. तो हेवा खंड्याचा नव्हता. वाघ आला, कुत्रा भुंकला, राजा वाचला, ही गोष्ट सायकलवरून येता येता सांगून होते. येसूबाईंनी जे केले, ते तीस वर्षे वाट पाहण्याचे होते, आणि तिथे टोपी कधी काढायची, हे आजोबांना उमगले नसावे.

त्यानंतर काही वर्षांनी साताऱ्यातल्या अभ्यासकांनी माहुलीतली एक जुनी दगडी वास्तू हीच येसूबाईंची समाधी, अशी ओळख पटवली. बातमी वाचली आणि मी नातीला फोन केला. ती तोवर महाविद्यालयात जाऊ लागली होती. तिला मला काही आठवून द्यावे लागले नाही. "आत्याआजी, तू माझ्याशिवाय जायचं नाहीस," एवढेच ती म्हणाली, आणि मी तिच्यासाठी थांबले.

आम्ही गेलो तो माघाचा महिना होता, दुपार कलली होती. या खेपेस गाडी घाटाकडे न नेता गावातच थांबवली आणि विचारत विचारत गेलो. समाधी घरांच्या वस्तीतच आहे, घाटावर जाताना मी आयुष्यात पन्नास वेळा तरी ज्या वाटेने गेले असेन, तिथून फार लांब नाही. नातीने वाटेत घेतलेली शेवंतीची फुले वाहिली. मी नमस्कार केला, आणि मनात तयार करून आणलेले एकही वाक्य मला आठवले नाही. दगड उन्हाने कोमट झाला होता. त्यावर हात ठेवून मी बराच वेळ उभी राहिले. इतके दिवस बाळगलेली टोचणी आता निघून जाईल असे वाटले होते. तसे झाले नाही, ती फक्त मऊ झाली. आजोबांना इथे आणायचे राहिले, आईला आणायचे राहिले, आणि त्या दोघांनाही नेताना आम्ही याच गावातून गेलो होतो.

समोरच्या घरातून साठी उलटलेली एक बाई हातात केरसुणी घेऊन बाहेर आली आणि आम्हाला पाहून जराशी थांबली. कुठून आलात, पाणी देऊ का, असे विचारून झाल्यावर ती चौथऱ्याभोवतीचा पाचोळा लोटू लागली. नातीने तिला विचारले, "काकू, ही येसूबाईंची समाधी आहे, हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

"न्हाई बया, आम्हास्नी काय ठावं? आत्ता आत्ता मान्सं याया लागली, तवा कळलं."

"मग आधी कोण झाडत होतं इथं?"

"आमची सासू झाडायची. तिच्या माघारी मी."

"कुणाची आहे हे ठाऊक नसताना?"

त्या बाईने कमरेवर हात ठेवून नातीकडे पाहिले. तिला प्रश्नाचे खरोखरच नवल वाटले असावे. "दारापुढंच हाय नव्हं," ती म्हणाली, "मग झाडाया नगं?" आणि तिन्हीसांजेच्या आत उरकायला हवे, म्हणून ती पुन्हा वाकली आणि आम्ही वाहिलेली शेवंतीची फुले न हलवता त्यांच्या कडेने झाडू लागली.